झटक्याच्या पेटीवाल्या मॅडम

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. पगारपत्रकावर माझं पद 'प्रयोगशाळा सहायक, इलेक्ट्रॉनिक्स' असं आहे, आणि त्या पदावर इतकी वर्षं काढली तरी चारचौघांत सांगण्यासारखं एक अक्षर घडलं नव्हतं. मग अमरावतीच्या आमच्या कॉलेजात चार पेट्या आल्या, त्या माझ्या गळ्यात पडल्या, आणि तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत बसले तरी समोरून कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, तो बसमधला सांगा ना!" वांग्याची भाजी गार होते, पण सांगावं लागतं.

पेटी म्हणजे एईडी. एखाद्याचं हृदय अचानक भलतंच थरथरायला लागलं आणि माणूस कोसळला, तर त्याच्या उघड्या छातीवर दोन चकत्या चिकटवायच्या. पुढचं मशीन स्वतःच तपासतं, गरज असली तरच विजेचा झटका देतं, आणि काय करायचं ते बोलून सांगतं. आमचं हिंदीत बोलतं.

ही जबाबदारी कोणाची, यावर मीटिंग झाली. झूलॉजीवाले म्हणाले, आम्ही फक्त बेडकांचं हृदय पाहतो. क्रीडा विभागाचे वानखडे सर म्हणाले, माझे खेळाडू फिट आहेत. शेवटी प्राचार्यांनी पेटी उलटी करून पाहिली आणि निकाल दिला, "याच्यात बॅटरी आहे. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स!"

घड्याळातही बॅटरी असते, हे मला घरी गेल्यावर सुचलं.

*

उद्घाटनाला आमच्या विभागाचे शिपाई गजाननभाऊ यांनी पेटीच्या कपाटाला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, कुंकू लावलं. ते नेमकं हिरव्या दिव्यावर लावलं. तो दिवा हिरवा असला की मशीन तयार, हे मला दाखवायचं होतं. दिवा लाल दिसून राहिला!

पाहुणे डॉक्टर होते. प्राचार्यांनी त्यांच्या हातून फीत कापून घेतली आणि स्वतः झोकात कपाटाचं दार उघडलं. आता, दार उघडलं की सायरन वाजतो. मदतीला माणसं धावून यावीत म्हणून तशी सोयच असते. आमची माणसं मात्र उलटी धावली! पहिल्या दोन रांगा रिकाम्या. कोणीतरी ओरडलं, "लॅबमध्ये गॅस लीक झाला!"

दार लावलं की सायरन बंद होतो. पण हाराचा दोरा दारात अडकला होता, त्यामुळे ते लागेचना. प्राचार्य खमके. त्यांनी भाषण तसंच रेटलं. ते ओरडताहेत, सायरन ओरडतोय.

डॉक्टर जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "कॉलेजांचे खूप कार्यक्रम पाहिले मॅडम. शेवटच्या रांगेतला माणूस जागा असलेला हा पहिला!"

*

प्राचार्यांचा आग्रह, पाटी मराठीतच हवी. मराठीचे जोशी सर तीन दिवस शब्दकोश घेऊन बसले. चौथ्या दिवशी कागद आणून दिला: 'स्वयंचलित बाह्य हृद्-विकंपक'.

"विकंपक म्हणजे?" मी विचारलं.

"कंप घालवणारा."

रंगाऱ्याने पाटी रंगवली. लायब्ररीच्या जिन्याजवळ, सुरेख लाल अक्षरांत: 'स्वयंचलित हृदयकंपक'. बाह्य गेलं, वि गेला.

मी रंगाऱ्याला म्हटलं, "अहो, तुमचा वि राहिला!"

तो शिडीवरून म्हणाला, "एका अक्षरानं काय होते जी मॅडम? पोट्टे हुशार हायेत, समजून घेतीन!"

पोट्ट्यांनी समजून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजातली जोडपी त्या पाटीखाली उभी राहून सेल्फी काढायला लागली. लायब्ररीत कधी न दिसलेली पोरं जिन्याजवळ तासन्‌तास. प्राचार्यांनी गर्दी पाहिली आणि मला बोलावून कौतुक केलं, "बघा, आरोग्याबद्दल मुलांमध्ये किती जागृती आहे!"

*

तर तो बसमधला.

प्रशिक्षणासाठी पुतळा लागतो. छातीपर्यंतचा रबरी माणूस, पाय नाहीत. तो होता आमच्या संस्थेच्या अकोल्याच्या कॉलेजात. माझं माहेर अकोल्याचं, म्हणून प्राचार्य म्हणाले, "नाहीतरी तुम्ही रविवारी आईकडे जाताच."

येताना मी त्याला मोठ्या बॅगेत घातला. चेन गळ्यापर्यंत आली आणि तिथेच अडली. शेजारी खिडकीजवळ सीट मिळाली, तिच्यावर त्याला बसवलं, डोक्यावर माझी ओढणी टाकली. उन्हाळ्याचे दिवस, अकोल्यात उन्हाळ्यात सगळेच डोकं झाकून बसतात, त्यामुळे कोणाला वावगं वाटलं नाही.

कंडक्टर आला. "दोन काय?"

"एकच. हा पुतळा आहे."

त्याने ओढणी उचलली, चेहरा पाहिला, परत टाकली. "सीट अडवली ना पन त्यानं."

"बरं, मग हाफ द्या. माणूसच अर्धा आहे."

"हाफ तिकीट वयावर असते, मॅडम, साइजवर नाई! याचं वय काय?"

मागच्या सीटवरचा एक माणूस वाकून म्हणाला, "चेहऱ्यावरून पस्तिसाचा तरी दिसते." मग बसमध्ये वयावर चर्चा सुरू झाली. कोणी चाळीस म्हणे, कोणी तीस. शेवटी कंडक्टरने मला पुतळा मांडीवर घ्यायला लावला आणि विषय मिटवला.

मूर्तिजापूरला एक आजी चढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. बराच वेळ पाहत होत्या. मांडीवर माणसाचं डोकं, हलत नाही, बोलत नाही. वाऱ्याने ओढणी सरकली, तशा त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

"पाज त्याले थोडंसं. ऊन लागलं वाटते."

मी म्हटलं, "आजी, तो माणूस नाही. त्याला पायच नाहीत, हे बघा," आणि बॅग उघडून दाखवली.

आजींनी आत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तरी सोडलं नाई तू त्याले. लय मोठं मन हाये, बाई, तुहं!"

बडनेरा येईपर्यंत त्या माझा हात धरून बसल्या होत्या. मला पुन्हा खरं सांगायचं धाडस झालं नाही.

*

प्रशिक्षणाला तेच डॉक्टर आले. छाती दाबायची ती खोल आणि भराभर, मिनिटाला शंभराच्या वर. बरोबर दाबलं की पुतळ्यातून 'टिक' असा आवाज येतो.

आमचे पीएचडीवाले एकामागून एक गुडघ्यावर बसले. टिक नाही. एक सर इतके हळुवार दाबत होते की डॉक्टर म्हणाले, "सर, त्याला उठवायचंय, झोपवायचं नाही." वानखडे सरांनी पहिल्याच फटक्यात पुतळ्याचं डोकं बाजूला केलं.

शेवटी गजाननभाऊ बसले. दुपट्टा कमरेला बांधला, हात सरळ, आणि सुरू! टिक, टिक, टिक, टिक. एक हुकला नाही. डॉक्टर घड्याळ बघत राहिले.

"भाऊ, कुठे शिकलात हे?"

"जिनिंगवर होतो जी आधी. बोऱ्यात कापूस दाबून चोंदाचं काम होतं."

डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाले, "हे बघा. हृदयाला डिग्री समजत नाही."

झूलॉजीच्या मॅडम अजून डॉक्टरांशी बोलत नाहीत.

*

दिवा हिरवा आहे का हे रोज पाहून रजिस्टरमध्ये लिहायचं, हे काम गजाननभाऊंकडे दिलं. मूल्यांकन समिती आली तेव्हा एका सदस्याने ते रजिस्टर मागितलं. पानंच्या पानं: हिरवा, हिरवा, हिरवा. सदस्य खूश. मग ते थांबले.

"आज सोळा तारीख. यात वीस तारखेपर्यंत हिरवा कसा?"

गजाननभाऊ अजिबात डगमगले नाहीत.

"पुतनीचं लगन हाये जी वरूडले. चार दिवस येनार नाई, म्हनून काम करून ठेवलं."

"आणि मधल्या काळात लाल झाला तर?"

"तर तो मशीनचा दोष. रजिस्टर कम्प्लीट हाये!"

*

पेटीत चकत्यांसोबत कात्री, रुमाल आणि एक रेझर असतो. छातीवर दाट केस असले तर चकत्या चिकटत नाहीत, तेवढी जागा साफ करण्यासाठी.

हॉस्टेलजवळच्या पेटीतला रेझर दर काही महिन्यांनी गायब व्हायचा; सायरन क्षणभर वाजायचा, आणि कोणी पोचेपर्यंत कपाट बंद. मी पाळत ठेवली. एक दिवस सकाळी आठला फायनल इयरचा एक मुलगा रंगेहाथ सापडला, गालाला फेस लावलेला, गळ्यात टाय.

"अरे, हे इमर्जन्सीसाठी असतं!"

"मॅडम, नऊ वाजता कॅम्पस इंटरव्ह्यू हाये. याच्याहून मोठी इमर्जन्सी सांगा!"

त्याची निवड झाली. पेढे घेऊन आला, आणि सोबत नवा रेझर. तेव्हापासून मी प्लेसमेंटच्या आठवड्यात पेटीत तीन ठेवते.

*

एक मात्र भांडण झालं, तेही सांगते.

कोणीतरी प्राचार्यांच्या डोक्यात भरवलं की महागाची वस्तू अशी उघड्यावर, चोरीला जाईल. दुसऱ्या दिवशी चारही कपाटांना कुलपं! चावी प्राचार्यांच्या कक्षात.

मी गेले. "सर, माणूस कोसळल्यावर चावीसाठी अर्ज करायचा का? एकेक मिनिट मोलाचं असतं."

"मॅडम, तुम्ही फार घाबरवता. चावी मागितली की मिळेल."

मी म्हटलं, ठीक आहे, करून बघू. रंगीत तालीम घ्यायची परवानगी मागितली, ती त्यांनी हसत दिली. ठरलेल्या दिवशी दुपारी सव्वाचारला गजाननभाऊ मैदानाजवळच्या लिंबाखाली पेशंट म्हणून आडवे झाले, आणि मी दोन मुलींना पेटी आणायला पळवलं.

मुली कपाटाशी गेल्या, कुलूप. कक्षाशी गेल्या, बाहेर लाल दिवा, मीटिंग सुरू. पीए म्हणाले, चावी माझ्याकडे नाही, हेडक्लार्कांकडे. हेडक्लार्क चहाला. चहावरून आले तर म्हणाले, आधी रजिस्टरमध्ये सही करा. सही केली, चावी मिळाली, ती गर्ल्स हॉस्टेलच्या गच्चीची निघाली.

खरी चावी घेऊन प्राचार्य स्वतःच धावत मैदानावर आले, तेव्हा सव्वापाच होत आले होते. घामाने शर्ट चिंब. मी एकटीच लिंबाखाली उभी.

"पेशंट कुठे आहे?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"गेला, सर."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "गेला?"

"पाच वाजले ना, सर. ड्युटी संपली, घरी गेला."

प्राचार्य लिंबाखालच्या ओट्यावर टेकले. मग उठले आणि स्वतःच्या हाताने चारही कुलपं काढून घेऊन गेले. माणूस मोठा, हे मी तेव्हा मानलं.

*

चकत्यांना मुदत असते. दोनेक वर्षांनी त्यांच्यावरचा डिंक वाळतो, मग बदलाव्या लागतात. मी स्टोअरला मागणीपत्र दिलं. ते परत आलं. शेरा होता: 'जुना साठा शिल्लक आहे.'

स्टोअरकीपर रिटायर व्हायला आलेले, नियमाचे पक्के. मी समजावलं की मुदत संपली.

"पन वापरलंच नाई ना तुमी! पाकीटही फोडलं नाई."

"वापरायची वेळ आली नाही, हे चांगलंच आहे ना!"

"चांगलं हाये. पन नियम असा हाये का आधी जुना माल संपवा, मंग नवीन मांगा."

"अहो, कोणावर संपवू?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ते मी कसं सांगू? तो डिपार्टमेंटचा प्रश्न हाये."

*

आता शेवटचा. आधीच सांगून टाकते, यातले काका आज ठणठणीत आहेत, आणि त्यांची मुलगी आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला आहे. तसं नसतं तर हा मी कधी तोंडातून काढला नसता.

अॅडमिशनचे दिवस होते. पाऊस पडला नव्हता, पंखे गरम हवा फेकत होते. खिडकीसमोर पालकांची रांग जिन्यापर्यंत. खिडकीत आमच्या बोरकर मॅडम. मनाने वाईट नाहीत, पण शिस्त अशी की कलेक्टर आला तरी टोकन घेऊनच उभा राहील. सकाळपासून त्यांचं एकच वाक्य चालू होतं, "नंबरानं या! ज्याचा नंबर लागला त्यानंच या!"

काका नांदगाव खंडेश्वरचे. तिथे त्यांची पिठाची गिरणी आहे. पांढरा शर्ट, हातात मुलीच्या मार्कशीटची प्लास्टिकची फाइल, टोकन सत्तेचाळीस. खिडकीवर एकतीस चालला होता. मुलगी शेजारी उभी होती. ती नंतर मला म्हणाली, बाबा म्हणाले की जरा गरगरून राहिलं, आणि मी "बसा" म्हणेपर्यंत पडले.

मी झेरॉक्स काढायला आले होते. धप्प आवाज आला आणि रांग फुटली. लोक म्हणत होते, पाणी आणा, कांदा आणा, वारा येऊ द्या. मी वाकून पाहिलं. श्वास नव्हता. म्हणजे एखादी घशातली घरघर होती, पण तो श्वास नव्हे, हे डॉक्टरांनी शिकवलेलं होतं. कितीदा शिकवलेलं, कितीदा मीच दुसऱ्यांना सांगितलेलं! तरी मी त्यांच्या हाताची नाडीच शोधत बसले.

"मॅडम, पेटी!" गजाननभाऊ ओरडले. ते केव्हा आले आणि केव्हा गुडघ्यावर बसले, मला माहीत नाही. दोन्ही हात काकांच्या छातीवर, दाबणं सुरू. वानखडे सर एका हाताने गर्दी मागे लोटत दुसऱ्या हातात फोन धरून अॅम्ब्युलन्सला पत्ता सांगत होते.

मी धावले. कपाटाचा सायरन वाजता ठेवून पेटी आणली. झाकण उघडलं, तर मशीन एकदम शांत आवाजात बोलायला लागलं, जसं काही घडलंच नाही. शर्टाची बटणं मी ओढूनच तोडली. एक चकती उजव्या खांद्याखाली, दुसरी डाव्या कुशीला. त्या चकतीची कड मुलीनेच दाबून धरली. सतरा-अठरा वर्षांची पोर, रडत नव्हती, नुसती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"मरीज को न छुएँ," मशीन म्हणालं. गजाननभाऊंनी हात उचलले. मीही मुलीचा हात धरून तिला मागे घेतलं. "झटका देने की सलाह दी जाती है."

बटण चमकत होतं. चार पेट्या इतकी वर्षं पुसल्या, मोजल्या, त्यांच्यासाठी भांडले, पण ते बटण मी कधी दाबलं नव्हतं. "सगळे लांब व्हा!" मी ओरडले, आणि दाबलं.

काकांचं अंग एकदा उसळलं आणि खाली पडलं. काही झालं नाही. मशीन म्हणालं, दाबणं चालू ठेवा. गजाननभाऊ परत वाकले. घाम त्यांच्या नाकावरून काकांच्या शर्टावर टपकत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मशीनच्या हिशेबाने दोन मिनिटंही नसतील. बोरकर मॅडम खिडकीच्या गजांना धरून उभ्या, चेहरा कागदासारखा.

मग काकांनी हात उचलला आणि गजाननभाऊंचा हात बाजूला सारला. लहान मूल पांघरूण सारतं तसा.

"बाबा!" मुलगी आता रडायला लागली.

काकांनी डोळे उघडले. वर पंखा पाहिला. भोवती वाकलेली तोंडं पाहिली. मग मान वळवून त्यांनी खिडकीकडे पाहिलं, आणि अगदी बारीक आवाजात विचारलं,

"माहा नंबर लागला काय?"

खिडकीच्या आतून बोरकर मॅडमचाच आवाज आला, रडताना येतो तसा फाटका.

"नाई, काका! तुमच्या नंबराले अजून लय टाइम हाये!"